फिरती खुर्ची घेताना तिचं बूड बघा

पश्चिम मिशिगनमधली जुनी घरं एकेक करून रिकामी होत आहेत. १९५० आणि ६० च्या दशकांत ज्यांनी इथल्या फर्निचर कारखान्यांत नोकऱ्या धरल्या, कर्ज काढून बैठी घरं घेतली आणि हौसेने सजवली, ती पिढी आता थकली आहे. काही जण गेले, काही वृद्धनिवासात राहायला गेले. मुलं दुसऱ्या राज्यांत. मग घरातलं सामान त्याच घरात, जागच्या जागी, किमतीच्या चिठ्ठ्या लावून विकायला ठेवतात. याला इथे इस्टेट सेल म्हणतात. उन्हाळा सुरू झाला की दर आठवड्याला कुठे ना कुठे असतोच. माझा जीव जडला तो या घरांतल्या फिरत्या खुर्च्यांवर.

आम्ही राहतो ते ग्रँड रॅपिड्स. एकेकाळी ‘फर्निचर सिटी’ म्हणून ओळखलं जाणारं गाव. भोवती जंगल, मधून वाहणारी ग्रँड नदी आणि हाताला कसब असलेली स्थलांतरित माणसं, त्यातली बरीच डच. १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या शताब्दी प्रदर्शनात इथल्या कारखान्यांचं काम देशभर गाजलं. पुढे ऑफिसच्या फर्निचरमध्ये नाव काढणारी स्टीलकेस १९१२ मध्ये इथेच सुरू झाली. गाडीने अर्ध्या तासावर झीलंड नावाचं लहानसं गाव आहे, तिथे हर्मन मिलर कंपनी. चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर जोडप्याच्या खुर्च्या याच कंपनीने बाजारात आणल्या. ते दोघं एकमेकांना भेटले तेही मिशिगनमध्येच, डेट्रॉइटजवळच्या क्रॅनब्रुक कला अकादमीत. आपल्याकडे त्यांचं नाव वेगळ्या कारणाने घेतलं जातं. भारत सरकारच्या निमंत्रणावरून त्यांनी १९५८ मध्ये ‘इंडिया रिपोर्ट’ लिहिला, त्यात आपल्या साध्या लोट्याच्या घडणीचं मनापासून कौतुक केलं, आणि त्या अहवालातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

एवढं सगळं आसपास घडलेलं असल्यामुळे इथल्या तळघरांत आणि गॅरेजमध्ये जे सापडतं, ते न्यूयॉर्कच्या झगमगीत दुकानांत दसपट किमतीला मिळतं.

माझी सांगलीची आत्या मात्र हे ऐकून फोनवरच थबकली. “अगं, मेलेल्या माणसाची खुर्ची घरात आणतेस?” तिचा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. वापरलेली भांडी, कपडे, गाद्या घरात घ्यायच्या नाहीत हा आपल्याकडचा संस्कार आहे, आणि त्यामागे स्वच्छतेचाही विचार होता. मी तिला एवढंच म्हटलं, “आत्या, आजोबा गेल्यावर त्यांची आरामखुर्ची आपण कुठे टाकून दिली? त्यांच्यानंतर बाबा तिच्यातच पेपर वाचायचे.” ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “ते आपले होते गं.” फरक आहे, मान्य. पण ज्याने ती खुर्ची पन्नास वर्षं जपली, तिचे स्क्रू आवळले, तिला तेल दिलं, तो माणूसही मला अगदीच परका वाटत नाही. त्याच्या घरात मी बूट काढून शिरते. इथे तशी पद्धत नसली तरी.

सेलचे नियम सगळीकडे साधारण सारखेच. पहाटे दाराशी नंबर घ्यायचा, दार उघडलं की नंबराप्रमाणे आत सोडतात. पहिल्या दिवशी घासाघीस फारशी चालत नाही, शेवटच्या दिवशी बहुतेक वस्तू निम्म्या किमतीत. व्यापारी पहिल्याच दिवशी सकाळी येतात आणि ओळखीची नावं उचलून जातात. शेवटच्या दुपारी उरतात त्या बिननावाच्या खुर्च्या. माझ्या मते घरात वापरायला घेणाऱ्याने शेवटच्या दुपारीच जावं.

आणि गेल्यावर खुर्ची उलटी करून बघावी.

साध्या चार पायांच्या खुर्चीत लपण्यासारखं फार काही नसतं. फिरत्या खुर्चीचा सगळा जीव बैठकीखाली असतो. कापड बदलता येतं, फोम बदलता येतो, लाकडाला पुन्हा पॉलिश करता येतं. खालची यंत्रणा तुटलेली असेल आणि तिचा जोड मिळत नसेल, तर ती खुर्ची कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी. खरेदीला येणारे बहुतेक जण समोरून फोटो काढतात आणि खुर्चीच्या हातांवरून बोटं फिरवतात. बुडाकडे कुणी बघत नाही.

या यंत्रणा मला मुख्यतः दोन तऱ्हेच्या दिसल्या. एक जुनी, कचेरीतल्या लाकडी खुर्च्यांची. बिडाची जड यंत्रणा, तिच्यातून खाली उतरणारा आट्यांचा दांडा, आणि मागे रेलता यावं म्हणून जाडजूड स्प्रिंग. बैठक गोल फिरवली की दांडा आट्यांवर चढतो-उतरतो आणि उंची बदलते. स्प्रिंगचा ताण कमीजास्त करायला पुढच्या बाजूला मूठ असते. ओहायोतल्या बेडफर्डची बी. एल. मार्बल, बफेलोची साइक्स, न्यूयॉर्क राज्यातल्या वेलँडची गनलॉक, या कंपन्यांच्या ओकच्या खुर्च्या अशा असतात. बिडाला कुठे केसासारखी रेघ दिसते का हे टॉर्चच्या उजेडात बघायचं. बीड तडकलं की वेल्डिंगवर विश्वास ठेवायला कारागीर तयार नसतात. आट्यांवर नुसता गंज असेल तर काळजी नको, तो निघतो.

दुसरी तऱ्हा दिवाणखान्यातल्या गोल पाठीच्या, पिंपासारख्या गुबगुबीत खुर्च्यांची. नॉर्थ कॅरोलिनातल्या हाय पॉइंटच्या थेअर कॉगिन कंपनीसाठी मायलो बॉमन यांनी केलेल्या अशा खुर्च्या फार नावाजलेल्या, आणि त्यांच्या धर्तीवर इतरांनी काढलेल्या तर पुष्कळच. यांच्या बुडाशी दोन पत्र्यांच्या चकत्या एकावर एक असतात आणि मध्ये छर्रे. बसून पूर्ण फेरा घ्यायचा आणि कान द्यायचा. खरखर आली तर वंगण वाळलंय. एका ठिकाणी अडकून गचका बसला तर छर्रे झिजलेत किंवा चकती वाकली आहे. तरी हरकत नाही, कारण ही चकती आजही नवी मिळते आणि चार स्क्रूंवर बसते. म्हणून नवशिक्याने पहिली खुर्ची याच तऱ्हेची घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

मी घेतलेली जोडी अशीच. मोहरीच्या रंगाचं जाडंभरडं कापड, हातांवर उडालेलं, पण शिवण सरळ. खुर्ची आडवी केली तेव्हा बुडाला काळं पातळ कापड पिनांनी ठोकलेलं होतं. विक्री सांभाळणाऱ्या बाईंना विचारून एका कोपऱ्यातल्या पिना काढल्या. आतून फोमचा चुरा पिवळसर पिठासारखा हातावर पडला. त्यामागे चौकट दिसली. कठीण लाकूड, खुंटीचे सांधे, आणि प्रत्येक कोपऱ्यात तिरपा ठोकळा, डिंकाने आणि स्क्रूने दोन्हींनी बसवलेला. हाताने जोर लावून पाहिला, कुरकुरसुद्धा नाही. जोडीला १४० डॉलर दिले.

खरा खर्च पुढे. अमेरिकेत वस्तू स्वस्त आणि हात महाग. दोन खुर्च्यांना कापडच दहा-बारा यार्ड लागलं, नवा फोम वेगळा, आणि कारागिराची मजुरी खुर्च्यांच्या किमतीच्या कितीतरी पट. तो म्हातारा कारागीर चौकटीवर टिचकी मारून म्हणाला, “हिला मी तीनदा नवं कापड घालेन, मग माझा नातू घालेल.” आजच्या दुकानात तेवढ्याच पैशांत मिळणारी खुर्ची बहुधा स्टेपल मारलेल्या प्लायची असते आणि ती उघडायला कुणी तयारच होत नाही.

फोम फक्त पिठूळ झाला म्हणून बदलायचा असं नाही. कॅलिफोर्नियाच्या १९७५ च्या नियमामुळे पुढची अनेक वर्षं घरगुती फर्निचरच्या फोममध्ये आग रोखणारी रसायनं घालत असत, आणि २०१३ मध्ये तो नियम बदलला. घरात रांगतं मूल असेल तर जुना फोम ठेवूच नये. आणि ढेकूण! अमेरिकेत ढेकूण नसतात हा समज मनातून काढून टाका. शिवणी, पिनांच्या ओळी, झालरीची आतली बाजू, सगळीकडे टॉर्च मारून बघायचं. काळे ठिपके दिसले की मागे फिरायचं.

आता सगळे ज्या खुर्चीबद्दल विचारतात ती. ईम्स लाउंज चेअर, १९५६. वाकवलेल्या प्लायची तीन कवचं, काळं चामडं, सोबत पाय ठेवायचं स्टूल. ती फिरते, पण मागे झुकत नाही, तिचा कल कायमचा ठरलेला आहे. इस्टेट सेलमध्ये ‘ईम्स’ म्हणून चिठ्ठी लावलेली खुर्ची बसल्यावर मागे रेलली, तर ती बहुतेक प्लायक्राफ्टसारख्या दुसऱ्या कंपनीची. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सची ही प्लायक्राफ्ट. तिच्या खुर्च्याही बसायला छान आणि घ्यायला परवडणाऱ्या असतात, मात्र त्यांना ईम्सची किंमत द्यायची नाही. अस्सल जुन्या खुर्चीच्या कवचाच्या कडेला प्लायचे थर मोजले तर पाच भरतात, नंतरच्या काळातल्या खुर्चीत सात. लेबलापेक्षा मला ही कड जास्त भरवशाची वाटते, कारण लेबल कुठलंही चिकटवता येतं.

या खुर्चीची नाजूक जागाही डोळ्यांना दिसत नाही. पाठीचं कवच हातांच्या आत दडलेल्या रबराच्या चकत्यांवर पेललेलं असतं, आणि त्या चकत्या लाकडाला चिकटवलेल्या असतात. पन्नास-साठ वर्षांनी डिंक दमतो. एक दिवस माणूस मागे टेकतो आणि पाठ लाकडाचा टवका घेऊन निखळते. तिथून पुढची दुरुस्ती महाग आणि कायमचा डाग ठेवणारी. म्हणून एवढी मोठी रक्कम देण्याआधी या चकत्या कधी बदलल्या, कुणी बदलल्या, हे विचारावंच. उत्तर मिळालं नाही तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.

ईम्स जोडप्याची मला सर्वांत आवडणारी फिरती खुर्ची मात्र दुसरी आहे. न्यूयॉर्कच्या टाइम-लाइफ इमारतीसाठी १९६० मध्ये केलेली, चामड्याच्या जाड गाद्यांची. बुद्धिबळाच्या चाहत्यांनी ती पाहिलेली आहे. १९७२ मध्ये आइसलंडमधल्या रेक्याविकला, जागतिक विजेतेपदाच्या लढतीत, अमेरिकेचा बॉबी फिशर याच खुर्चीत बसून रशियाच्या स्पास्कीशी खेळला. मग स्पास्कीलाही तशीच खुर्ची हवी झाली. पुढे रशियन गोटाला काहीतरी लपवून ठेवल्याचा संशय आला, खुर्च्यांचे एक्स-रे काढले गेले, आणि सगळ्या तपासणीत सापडल्या त्या दिव्याच्या खोबणीतल्या दोन मेलेल्या माश्या. तासन्‌तास विचार करत बसणाऱ्या माणसाने जगातल्या सगळ्या खुर्च्यांतून ही निवडली, यापेक्षा मोठी पावती एखाद्या खुर्चीला कोण देणार?

एक गोष्ट विशेषतः आजी-आजोबा इथे राहायला येणार असतील त्यांच्यासाठी. त्या काळच्या बऱ्याच फिरत्या खुर्च्यांच्या पायाला चारच फांद्या असतात, आजच्या ऑफिसच्या खुर्चीला पाच. चार फांद्यांच्या खुर्चीत कडेला बसून वाकून काही उचलायला गेलं की ती कलंडू शकते. खाली चाकं असतील तर जास्तच. माझे सासरे आले तेव्हा मी त्यांना पिंपासारखी, जमिनीला टेकलेल्या रुंद बुडाची खुर्ची दिली. ती फिरते पण जागची हलत नाही. त्यांनी ती खिडकीकडे वळवून अंगणातल्या खारी बघायच्या आणि कुणी बोललं की वळून आमच्याकडे बघायचं. म्हाताऱ्या माणसाची मान आणि कंबर अशी वाचते, हे मला कुठल्याही जाहिरातीत वाचायला मिळालं नव्हतं.

भारतात घेऊन जाता येईल का, असं पुण्याहून बऱ्याच जणांनी विचारलं. घरसामान हलवताना कंटेनरमध्ये जागा असेल तर अक्रोडाच्या लाकडाची किंवा अॅल्युमिनियमची खुशाल न्या. रोझवूडच्या जुन्या ईम्स खुर्चीच्या फंदात पडू नका. तिचं व्हिनियर, म्हणजे वरचा लाकडाचा पातळ थर, ब्राझीलच्या रोझवूडचं, आपल्या शिसवीच्याच जातकुळीचं. १९९२ पासून ते आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंधन असलेल्या यादीत आहे, आणि कागदपत्रांशिवाय सीमेवर खुर्ची अडकून पडू शकते.

आणि खरं सांगायचं तर एवढ्या लांबून नेण्याची गरज नाही. मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात, चोर बाजारात, पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात नीट शोधलं तर जुन्या कचेऱ्यांतल्या सागवानी, वेताच्या बैठकीच्या फिरत्या खुर्च्या मिळतात. खाली तीच यंत्रणा, तेच आटे, तीच स्प्रिंग. वेत फाटलेला असेल तर भाव पाडून मागा आणि तो नव्याने विणून घ्या. हे काम आपल्याकडे अंध कारागीर वर्षानुवर्षं करत आले आहेत. इथे त्याच विणकामाचा भाव ऐकून मी परत फिरले होते, तिकडे ते आजही सामान्य माणसाला परवडतं.