दिएन बिएन फूच्या सिस्टर, आणि त्यानंतरची सत्तर वर्षं

फ्रान्समधलं तुलूझ म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना विमानं आठवतात. इथे येणारे बहुतेक मराठी लोक त्याच कामासाठी येतात, आम्हीही तसेच आलो. पण या शहराची सैन्याशीही जुनी सोयरीक आहे. शहराला लागून असलेल्या बाल्मामध्ये अकराव्या पॅराशूट ब्रिगेडचं मुख्यालय आहे. तासाभराच्या अंतरावर कास्तेलनोदारीला फॉरेन लेजियनचं, म्हणजे फ्रेंच सैन्यातल्या परदेशी सैनिकांच्या दलाचं, प्रशिक्षण केंद्र आहे. घरात कुणीतरी सैन्यात होतं, असं सांगणारे शेजारी इथे हमखास भेटतात.

म्हणूनच 1954 मध्ये व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फूच्या वेढ्यात जखमींची सेवा केलेल्या परिचारिका जनव्हिएव्ह द गालार 30 मे 2024 ला याच शहरात वारल्या, तेव्हा ती बातमी इथे घरची असल्यासारखी ऐकली गेली. त्या 99 वर्षांच्या होत्या. राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनीही श्रद्धांजली वाहिली. मला हे नाव तोवर माहीत नव्हतं. आमच्या तळमजल्यावरच्या नव्वदीला टेकलेल्या आजींनी, ज्यांना मी मादाम म्हणते, मला जिन्यात थांबवून सगळं सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ दिएन बिएन फूला होता. तो 1954 च्या सप्टेंबरात परतला तेव्हा आईने त्याला आधी ओळखलंच नाही, इतका खंगला होता. त्यानंतर मी या बाईंबद्दल मिळेल ते वाचत गेले, आणि आज तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जनव्हिएव्ह 1925 मध्ये पॅरिसला जन्मल्या. घराणं जुनं, सरदारी, मूळ इथल्याच गास्कोनी भागातलं, आणि घरात कॅथलिक श्रद्धा मुरलेली. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर कुटुंब तुलूझला आलं. पुढे त्यांनी नर्सिंगची सरकारी परीक्षा दिली आणि वायुदलात दाखल झाल्या. काम होतं विमानातून जखमींना सुरक्षित परत आणण्याचं. 1953 मध्ये त्यांनी स्वतःहून इंडोचायना मागून घेतलं. व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया या भागातल्या फ्रेंच अंमलाला तेव्हा हे नाव होतं, आणि तिथे स्वातंत्र्यासाठी युद्ध चालू होतं.

व्हिएतनामच्या वायव्येला, लाओसच्या सीमेजवळ, डोंगरांनी वेढलेलं दिएन बिएन फूचं खोरं आहे. फ्रेंचांनी तिथे तळ उभारला. सगळी रसद विमानानेच येणार होती. व्हिएतनामी सेनापती जनरल ज्याप यांनी आजूबाजूच्या डोंगरांवर माणसांच्या बळावर तोफा चढवल्या आणि 13 मार्च 1954 ला हल्ला सुरू केला. धावपट्टीच तोफांच्या माऱ्यात आली. जखमींना घेण्यासाठी विमानं रात्रीच्या अंधारात उतरत आणि घाईघाईने उडत. 28 मार्चला पहाटे जनव्हिएव्हचं डाकोटा उतरताना इंजिनाला इजा झाली. दुरुस्ती होईना. उजाडल्यावर तोफांनी ते विमान जागीच संपवलं. त्यानंतर धावपट्टी वापरण्याजोगी राहिली नाही आणि त्या तिथेच अडकल्या.

त्या सरळ मेजर पॉल ग्रोवँ या सर्जनच्या जमिनीखालच्या रुग्णालयात गेल्या आणि काम मागितलं. तिथल्या पुरुष कर्मचाऱ्यांना आधी जरा संकोच वाटला. मग त्यांनीच छपाईदार लष्करी कपडे, टी-शर्ट आणि बास्केटबॉलचे बूट असा जमेल तसा गणवेश जमवून दिला. पुढे सर्वांत गंभीर जखमींची चाळीस खाटांची खोली त्यांच्याकडे सोपवली गेली. पाऊस सुरू झाला, भुयारांत चिखल भरला, मातीच्या भिंती ढासळायला लागल्या. जखमांमध्ये अळ्या झाल्या. घाबरलेल्या पोरांना डॉक्टर ग्रोवँ समजावत, की या अळ्या मेलेलं मांस खातात, त्याने जखम स्वच्छ राहते. हे वैद्यकीयदृष्ट्या खरं आहे. पण रात्री प्लास्टरच्या आत काहीतरी वळवळतंय असं वाटणाऱ्या विशीतल्या मुलाला ते पटवून द्यायचं, तर त्याच्या उशाशी कुणीतरी बसावं लागतं. जनव्हिएव्ह बसत. मरणाऱ्याचा हात धरणं, पाणी पाजणं, ड्रेसिंग बदलणं, हेच त्यांचे दिवस आणि रात्री. त्या वर्षी 18 एप्रिलला ईस्टर होता. येशूच्या पुनरुत्थानाचा तो दिवसही वेढ्यातच गेला.

29 एप्रिलला तळाचे प्रमुख जनरल द कास्त्री यांनी त्यांना लेजियाँ द'ऑनर हा फ्रान्सचा सर्वोच्च सन्मान आणि युद्धपदक दिलं. दुसऱ्या दिवशी कामेरोन होता. 1863 मध्ये मेक्सिकोत लेजियनच्या एका लहान तुकडीने शेवटपर्यंत झुंज दिली, त्याचा हा दिवस लेजियनमध्ये सणासारखा पाळतात. वेढ्यातही तो पाळला गेला आणि त्यात जनव्हिएव्ह यांना मानद लेजियनर केलं. त्यांच्यासोबत हाच मान बिजार या प्रसिद्ध पॅराट्रूप अधिकाऱ्याला मिळाला. 7 मेला तळ पडला. व्हिएतमिन्हने, म्हणजे फ्रेंचांशी लढणाऱ्या व्हिएतनामी स्वातंत्र्य चळवळीने, वैद्यकीय पथकाला जखमींची सेवा चालू ठेवू दिली. औषधं काढून नेली जाऊ लागली, तेव्हा जनव्हिएव्हनी त्यातली काही आपल्या खाटेखाली लपवली. 24 मेला त्यांना हनोईला पाठवलं, तेही जखमींना सोडून जायची त्यांची फारशी इच्छा नसताना.

इथे मला थांबून एक गोष्ट बोलायची आहे. भारतीय म्हणून मी या युद्धाकडे तटस्थपणे बघू शकत नाही. व्हिएतनामी माणसं आपला देश सोडवत होती, आणि डोंगरावर तोफा ओढून नेणाऱ्या त्या हजारो हातांबद्दल मला आदरच वाटतो. त्याच वर्षी हे युद्ध थांबवणारा जिनिव्हाचा करार झाला आणि त्यावर देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे आलं, कॅनडा आणि पोलंड सोबतीला होते. पण सिस्टरने खाटेवरचा माणूस कोणत्या बाजूचा हे विचारायचं नसतं. सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी पुण्याच्या इस्पितळात रात्रपाळीच्या सिस्टरांना मी जवळून पाहिलं आहे, म्हणून हे माझ्या पूर्ण विश्वासाने सांगते.

दुसरी गोष्ट मला अजून टोचते. वर्तमानपत्रांनी जनव्हिएव्ह यांना तिथली एकमेव स्त्री म्हणून रंगवलं. तळावर सैनिकांसाठी आणलेल्या कुंटणखान्यातल्या अल्जेरियन आणि व्हिएतनामी बायकाही होत्या. वेढा आवळल्यावर त्यांनीही जखमींची सेवा केली. त्यांच्यासाठी ना पदक आलं ना मिरवणूक निघाली. जनव्हिएव्ह यांची थोरवी सांगताना या बायकांना वगळलं, तर गोष्ट अर्धीच राहते, असं माझं ठाम मत आहे. मादामना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझा भाऊ त्यांच्याबद्दल बोलायचा. फार मायेने बोलायचा."

कीर्ती तर जनव्हिएव्ह यांच्या दारात येऊन उभी राहिली. अमेरिकी काँग्रेसने त्यांना बोलावलं. त्यामागे होत्या ओहायोच्या प्रतिनिधी फ्रान्सिस बोल्टन, ज्यांनी महायुद्धात अमेरिकेत परिचारिकांच्या शिक्षणासाठी कायदा करून घेतला होता. जुलै 1954 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मिरवणूक निघाली, अडीच लाख लोक रस्त्यावर आले असं तेव्हा छापून आलं. 29 जुलैला आयझेनहॉवर यांनी मेडल ऑफ फ्रीडम दिलं. एकोणतीस वर्षांची मुलगी. तिथूनच ती आयुष्यभराची तारका होऊ शकली असती. जनव्हिएव्ह मात्र सगळीकडे एकच सांगत राहिल्या, की मी फक्त माझं कर्तव्य केलं. पॅरिसला परतून त्या युद्धात अपंग झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसनाच्या कामाला लागल्या.

1956 मध्ये त्यांनी ज्याँ द ओम या सैन्याधिकाऱ्याशी लग्न केलं. तीन मुलं झाली. नवऱ्याच्या बदल्या, मुलांच्या शाळा, रविवारची मास, म्हणजे चर्चमधली प्रार्थना. पुढे पॅरिसच्या सतराव्या विभागाच्या परिषदेवर त्यांनी 18 वर्षं काम केलं. आपल्याकडच्या नगरसेविकेसारखंच ते, लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि सोडवायच्या. आठवणींचं पुस्तक लिहिलं तेही 2003 मध्ये, म्हणजे वेढ्याला जवळपास पन्नास वर्षं होत आल्यावर. लेजियाँ द'ऑनरची सर्वोच्च श्रेणी मिळाली ती उतारवयात.

लोक वेढ्याचे दिवस आठवतात, ते साहजिक आहे. मला त्यांचं मोठेपण नंतरच्या सत्तर वर्षांत अधिक दिसतं. दिएन बिएन फूला साधारण दहा हजार माणसं कैदी झाली. त्यांना शेकडो किलोमीटर चालवत छावण्यांकडे नेलं आणि जेमतेम तीन हजारांच्या वर माणसं परत आली. ज्या पोरांना तिने पाणी पाजलं, त्यांतले किती त्या वाटेवर गेले असतील! एवढं पाहिलेल्या बाईने संसार मांडला, पोरं वाढवली आणि देवावरचा भरवसा ढळू दिला नाही. मी स्वतः काही फार देवधर्म करणारी नाही. पण हा भरवसा तिने सभेत मिरवण्यासाठी जपला नव्हता, त्याच्या बळावर ती दर सकाळी उठून कामाला लागत होती, असं तिचं आयुष्य वाचताना मला सारखं वाटत राहिलं.

मादामचा भाऊ आता नाही. दरवर्षी 30 एप्रिलच्या सुमारास कास्तेलनोदारीला लेजियन आपले दरवाजे लोकांसाठी उघडते, कामेरोन साजरा होतो, जत्राही भरते. मादामना यंदा जायचंय. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून गाडी मी चालवणार आहे, आणि वाटेत त्या भावाबद्दल आणखी सांगणार आहेत.