मॅझरॉस्कीच्या होम रनआधीचे अडीच तास

१३ ऑक्टोबर, पिट्सबर्ग

या शहरात आजची तारीख सणावारासारखी पाळणारी माणसे आहेत. १३ ऑक्टोबर १९६० रोजी फोर्ब्स फील्ड मैदानावर पिट्सबर्ग पायरेट्स आणि न्यू यॉर्क यांकीज या बेसबॉल संघांमधील वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेचा, सातवा आणि निर्णायक सामना झाला. दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी पायरेट्सच्या बिल मॅझरॉस्कीने मारलेल्या होम रनने, म्हणजे भिंतीपलीकडे गेलेल्या फटक्याने, तो सामना, ती मालिका आणि तो मोसम एकाच क्षणी संपला. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना शेवटच्या चेंडूवरच्या होम रनने जिंकला गेल्याचे दुसरे उदाहरण अजूनही नाही. मैदान १९७० मध्ये बंद झाले आणि पुढच्याच वर्षी पाडले गेले. आज त्या जागेवर विद्यापीठाच्या इमारती आहेत. मात्र बाहेरच्या भिंतीचा एक तुकडा, त्यावरचा फलंदाजापासूनच्या अंतराचा ४५७ फुटांचा आकडा आणि ध्वजस्तंभ जपून ठेवलेले आहेत, आणि ओकलंड भागातल्या त्या भिंतीपाशी दरवर्षी या दिवशी लोक जमतात.

१९८५ मध्ये एक माणूस एकटाच टेपरेकॉर्डर घेऊन त्या ध्वजस्तंभाच्या पायथ्याशी जाऊन बसला आणि त्याने त्या सामन्याचे रेडिओवरचे समालोचन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले, तिथून ही प्रथा सुरू झाली. पुढे त्याच्या शेजारी आणखी माणसे येऊन बसू लागली. सामना दोन तास छत्तीस मिनिटे चालला होता, त्यामुळे फीत बरोबर एक वाजता सुरू केली की होम रन बरोबर त्याच्या मूळ वेळेला कानावर पडतो. २०१० मध्ये, पन्नासाव्या वर्षी, स्वतः मॅझरॉस्की आणि त्याचे काही सहकारी या भिंतीपाशी आले होते.

मला या मेळाव्याबद्दल जी आस्था वाटते तिचे कारण होम रन नाही, त्याआधीचे अडीच तास आहेत. जगाला मॅझरॉस्की ठाऊक आहे. पायरेट्सच्या आजच्या स्टेडियमबाहेर हात पसरून धावणारा त्याचा पुतळा उभा आहे, वर्तमानपत्रे दर ऑक्टोबरात त्याचे छायाचित्र छापतात. त्या एका फटक्याखाली झाकली गेलेली इतर माणसे मात्र केवळ अखंड सामना ऐकणाऱ्यांनाच भेटतात, आणि त्यांच्यात सर्वांत मोठा अन्याय झाला आहे तो हॅल स्मिथवर.

आज आकाश निरभ्र होते. माणसांनी घडीच्या खुर्च्या गवतावर मांडल्या होत्या, आणि माझ्या शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ मांडीवरच्या पुठ्ठ्यावर कोरा गुणतक्ता ठेवून पेन्सिलीने तो भरत होते. प्रत्येक चेंडूचा निकाल त्यांना तोंडपाठ असणार, यात मला शंका नाही. तरीही समालोचकाने सांगितल्यावरच ते लिहीत, आधी एक अक्षरही नाही. नऊपैकी दुसऱ्या इनिंगनंतर (एका इनिंगमध्ये प्रत्येक संघ तीन गडी बाद होईपर्यंत खेळतो) पायरेट्स ४–० ने पुढे होते तेव्हा त्यांच्या चौकटी भराभर भरत होत्या. सहाव्या इनिंगमध्ये योगी बेराने तीन धावांचा होम रन मारून यांकीजना ५–४ अशी आघाडी मिळवून दिली, तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, थर्मासमधली कॉफी ओतून घेतली आणि मग सावकाश ती नोंद केली.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांना या मालिकेचे वैचित्र्य कळावे म्हणून थोडे आकडे सांगते. सात सामन्यांत मिळून यांकीजनी ५५ धावा केल्या आणि पायरेट्सनी २७. यांकीजनी जिंकलेले तीन सामने १६–३, १०–० आणि १२–० असे होते, तर पायरेट्सनी पहिले तीन विजय दोन, एक आणि तीन धावांच्या फरकाने कसेबसे मिळवले होते. मिकी मँटल, रॉजर मॅरिस, योगी बेरा अशा फलंदाजांचा तो संघ, आणि समोर १९२५ नंतर एकदाही अजिंक्यपद न मिळालेले पोलादाच्या कारखान्यांचे शहर. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान यांकीजच्या बॉबी रिचर्डसनला मिळाला. हरलेल्या संघातील खेळाडूला तो मिळण्याची ही एकमेव वेळ.

आठवी इनिंग सुरू झाली तेव्हा आज सगळ्यांनी खुर्च्या थोड्या पुढे ओढल्या. यांकीजनी आणखी दोन धावा करून ७–४ अशी आघाडी घेतली होती. पायरेट्सचा पहिला फलंदाज जीनो सिमोली पहिल्या बेसवर पोहोचला (असे तीन बेस ओलांडून सुरुवातीच्या जागी, म्हणजे ‘घरी’, परतले की एक धाव). पुढच्या बिल व्हर्डनने मारलेला जमिनीवरचा चेंडू सरळ शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, टोनी क्युबेककडे गेला. एरवी अशा चेंडूवर दोन गडी एका दमात बाद होतात. पण फोर्ब्स फील्डची टणक माती प्रसिद्ध होती. चेंडू अवचित उसळून क्युबेकच्या गळ्यावर बसला, तो खाली कोसळला आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले. दोन्ही धावपटू सुखरूप राहिले. डिक ग्रोटच्या फटक्याने एक धाव आली, ७–५. त्यानंतर दोन गडी बाद झाले आणि रॉबर्टो क्लेमेंटेने पहिल्या बेसच्या बाजूला एक अर्धवट, खुरडत जाणारा चेंडू मारला. यांकीजचा बिल स्काउरन चेंडू उचलायला गेल्यामुळे पहिला बेस मोकळा होता. तिथे धावत पोहोचणे हे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जिम कोट्स याचे काम होते. तो वेळेवर गेला नाही, चेंडू फेकायला समोर कोणीच नव्हते आणि क्लेमेंटे पोहोचला. ७–६.

आणि मग हॅल स्मिथ. तो संघाचा पहिल्या पसंतीचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, नव्हता; नेहमीचा कॅचर स्मोकी बर्जेस याच्या जागी दुसरा धावपटू घेतल्यामुळे आठव्या इनिंगमध्ये त्याला आत यावे लागले होते. दोन गडी बाद, दोघे बेसवर, आणि त्याने चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे भिरकावला. तीन धावा, ९–७. आजही त्या क्षणी फितीतून जो गलका उठतो, तो ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो. शेजारच्या गृहस्थांनी ती चौकट इतरांपेक्षा गडद गिरवली. कोणत्या फटक्याने अजिंक्यपदाचे पारडे किती फिरले, याचा हिशेब मांडणारे अभ्यासक हाच फटका सर्वांत मोठा मानतात, मॅझरॉस्कीच्या फटक्याहूनही मोठा. त्यामागचे तर्कशास्त्र सरळ आहे: मॅझरॉस्की खेळायला आला तेव्हा धावा समान होत्या आणि त्याच्या संघाला आणखी संधी मिळू शकत होती, स्मिथ खेळायला आला तेव्हा संघ मागे होता आणि इनिंगमध्ये एकच बळी शिल्लक होता. पायरेट्सनी ती आघाडी नवव्या इनिंगमध्ये टिकवली असती, तर आज या पुतळ्याचे नाव हॅल स्मिथ असते.

ती टिकली नाही. नवव्या इनिंगमध्ये मँटलच्या फटक्याने ९–८ झाले. त्यानंतर बेराने मारलेला चेंडू पहिल्या बेसवर रॉकी नेल्सनने पकडून बेसला पाय लावला, त्यामुळे बेरा बाद झाला, आणि आता दुसऱ्या बेसकडे निघालेल्या मँटलला बाद केले की मालिका संपणार होती. मँटल पुढे पळाला नाही. तो उलट फिरला, नेल्सनच्या हाताखालून पहिल्या बेसवर परत झेपावला, आणि तेवढ्यात तिसऱ्या बेसवरचा गिल मॅकडुगल्ड घरी पोहोचला. ९–९. क्षणार्धात सुचलेली इतकी हुशारीची धाव मी दुसरी ऐकलेली नाही, आणि यांकीज हरल्यामुळे तीही झाकली गेली. भिंतीपाशी बसलेले सगळे पायरेट्सचे चाहते आहेत, पण मँटलच्या त्या झेपेला आज दोन-तीन जणांनी मनापासून टाळ्या दिल्या. हे मला फार आवडले.

मग मॅझरॉस्की. संघातला आठव्या क्रमांकाचा फलंदाज, ज्याची ख्याती दुसऱ्या बेसवरच्या क्षेत्ररक्षणाची होती. राल्फ टेरीचा पहिला चेंडू त्याने सोडला. दुसऱ्या चेंडूच्या वेळी समालोचक चक टॉमसन याने पिचरचे नाव चुकून आर्ट डिटमार असे सांगितले आणि गलका थोडा ओसरल्यावर निकाल ‘दहा शून्य’ असा जाहीर केला. पुढे त्याने तो दहा-नऊ असा दुरुस्त केला. जमलेल्या प्रत्येकाला या दोन्ही चुका पाठ आहेत आणि त्या जशाच्या तशा ऐकायला मिळाव्यात अशीच सगळ्यांची इच्छा असते, कारण अनुभवी समालोचकाचाही तोल जावा इतके ते काही अकल्पित होते, हे त्या चुकांइतके दुसरे काहीच सांगत नाही. डाव्या बाजूला उभा असलेला बेरा भिंतीपर्यंत मागे गेला आणि मग नुसता पाहत राहिला. मॅझरॉस्की जिवाच्या आकांताने धावत होता. चेंडू भिंतीपलीकडे गेल्याचे त्याला पहिला बेस ओलांडल्यावर कळले, आणि तिथून पुढे तो टोपी हातात घेऊन, हात गरगर फिरवत घरी आला. आज ३ वाजून ३६ मिनिटांनी सगळे उभे राहिले. बाजूच्या एका आजींनी माझा हात घट्ट धरला होता. त्यांच्या शाळेत त्या दिवशी वर्गात रेडिओ लावू दिला होता, असे त्यांनी मला नंतर सांगितले, आणि सांगताना त्या वर्गातल्या मुलींची नावे एकेक करून घेतली.

परत निघताना गुणतक्ता भरणाऱ्या गृहस्थांनी मला विचारले, “तुमच्याकडे क्रिकेट असतं ना? असा एखादा फटका तुम्हाला आठवतो का?” मी त्यांना १८ एप्रिल १९८६ चा शारजाचा अंतिम सामना सांगितला: शेवटचा चेंडू, चार धावा हव्या होत्या, चेतन शर्माचा फुलटॉस आणि जावेद मियाँदादचा षटकार. आपल्याकडे तो फटका पराभवाचा आहे, त्यामुळे तो ऐकायला कोणी कुठल्या भिंतीपाशी जमत नाही. पण मी नागपूरची. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी त्याच चेतन शर्माने आमच्या गावच्या मैदानावर न्यूझीलंडचे तीन फलंदाज ओळीने त्रिफळाचीत केले आणि विश्वचषकातली पहिली हॅट्रिक नोंदवली, तेव्हा माझे वडील प्रेक्षकांत होते. घरात शारजाचा विषय निघाला की बाबा ते वाक्य पूर्ण होऊ देत नसत. चेतन शर्माचे नाव नागपूरशिवाय घ्यायचे नाही, असा त्यांचा दंडक होता.

ते गृहस्थ हे ऐकून थांबले आणि त्यांनी मला राल्फ टेरीचे पुढे काय झाले ते सांगितले. १९६२ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात यांकीजनी चेंडू पुन्हा त्याच्याच हाती दिला. त्याने सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्ध संपूर्ण सामन्यात एकट्यानेच चेंडू टाकले, सामना १–० ने जिंकला, आणि शेवटच्या क्षणी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर धावपटू असताना विली मॅककोव्हीने मारलेला सणसणीत चेंडू बॉबी रिचर्डसनने झेलला. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू टेरी ठरला. ‘मॅझरॉस्कीला चेंडू टाकणारा’ एवढीच त्याची ओळख सांगणाऱ्यांबद्दल त्या गृहस्थांना जो राग आहे, तो मला बाबांच्या रागाच्या जातकुळीतला वाटला.

या सामन्याची चित्रफीत नष्ट झाली असे बरीच वर्षे मानले जात होते. पायरेट्सच्या मालकीत वाटा असलेले गायक बिंग क्रॉस्बी हे इतके धास्तावले होते की आपल्या पाहण्याने संघाला अपशकुन होईल या भीतीने ते पॅरिसला निघून गेले आणि तिथे रेडिओवर सामना ऐकला; पण जाताना दूरचित्रवाणीवरचे प्रक्षेपण चित्रफितीवर टिपून ठेवण्याची व्यवस्था करून गेले. ती रिळे २००९ मध्ये त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या घराच्या तळघरात, जिथे ते मद्य साठवत, तिथे सापडली. आता कोणीही हा सामना डोळ्यांनी पाहू शकतो, तरीही भिंतीपाशी रेडिओचीच फीत लागते, आणि ते मला योग्य वाटते. कारण त्या दिवशी शहरातल्या बहुतेकांनी हा सामना कारखान्यात, शाळेत, दुकानाच्या गल्ल्यावर कानांनीच अनुभवला होता.

चित्रफितीचा एक उपयोग मात्र झाला. कोट्स वेळेत निघाला असता तर क्लेमेंटे बाद झाला असता आणि हॅल स्मिथला संधीच मिळाली नसती, असे त्या गृहस्थांचे ठाम मत आहे, आणि त्यावरून आम्ही बस थांब्यापर्यंत वाद घातला. रात्री मी तो प्रसंग पुन्हा पाहिला. क्लेमेंटेने त्या मालिकेतल्या सातही सामन्यांत किमान एक फटका यशस्वी केला होता, आणि कितीही हलका चेंडू लागला तरी तो पहिल्या पावलापासून जीव तोडून धावत असे, यासाठी तो ओळखला जाई. सगळे लोक कोट्सची चूक सांगतात, क्लेमेंटेची धाव कोणी सांगत नाही. कोट्स वेळेत निघाला असता तरी ती शर्यत अटीतटीची झाली असती आणि क्लेमेंटेच जिंकला असता, असे माझे मत आहे, आणि पुढच्या ऑक्टोबरात मी ते त्यांना पटवून देणार आहे.