मेंढपाळाला दया आली

सॉफक्लीज या प्राचीन ग्रीक नाटककाराचं ‘इडिपस’ मी मार्कांसाठी वाचायला घेतलं, हे आधीच कबूल करते. शोकात्म नायकाचा प्रमाद कोणता, हा बी.ए.च्या पेपरातला ठरलेला प्रश्न. उत्तरही नोट्समध्ये तयार होतं: तापट स्वभाव, अहंकार, कुणाचं न ऐकणं. एवढं पाठ केलं असतं तरी चाललं असतं. पण दुपारी रिकामटेकडेपणा नडला आणि मूळ नाटक उघडलं. वाचून संपलं तेव्हा राजा बाजूलाच राहिला होता. डोक्यात ठाण मांडून बसला तो शेवटाकडे थोडा वेळ येऊन जाणारा एक म्हातारा मेंढपाळ.

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर चटणीच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. आजी सावलीला बसून देठं खुडत होती. मी पुस्तक मिटलं तशी म्हणाली, “गोष्ट तरी सांग.” सांगितली. थीब्ज नगरीच्या राजाला आकाशवाणी होते की, तुझा मुलगाच तुझा जीव घेईल. तीन दिवसांचंही नसलेलं पोर, त्याच्या घोट्यांना भोकं पाडून पाय बांधतात आणि डोंगरात टाकून ये म्हणून एका मेंढपाळाकडे देतात.

“कंसाचीच गोष्ट की ही,” आजी म्हणाली.

खरंच की. भाकीत, ते चुकवायची धडपड, पोराचं दुसऱ्याच घरी वाढणं, सगळं तेच. पण कंसाच्या गोष्टीत भाकीत खरं ठरावं म्हणून आपण उपास करून वाट बघतो, दहीहंडी फोडतो. इथं ते खोटं ठरावं म्हणून जीव टांगणीला लागतो, आणि खरं ठरलेलं आहे हे पहिल्या पानापासून माहीत असतं.

आता तो मेंढपाळ. सिथायरन डोंगरावर त्याचे दोन कळप असायचे, कॉरिंथ या दुसऱ्या राज्यातल्या एका मेंढक्याचा एक. वसंतापासून सहा महिने दोघं शेजारी शेजारी चारायचे, असे तीन हंगाम. थंडी पडली की जो तो आपापल्या वाड्याकडे. केवढं साधं वर्णन! आमच्या मामाच्या गावी शेतात मेंढरं बसवायला येतात तेव्हा दोन धनगर बांधावर असेच तंबाखू मळत बसलेले मी बघितलेत. तशाच कुठल्या तरी बांधावर यानं ते पोर त्याच्या हातात दिलं असणार. का दिलं, तर दया आली. लांब दुसऱ्या मुलखात नेईल, जगेल तरी, एवढाच हिशेब. तेच पोर म्हणजे इडिपस. पुढचं सगळं, नकळत झालेला बापाचा खून, आईशी लग्न, थीब्जमधली रोगराई, या एका दयेवर उभं आहे. माझ्या नोट्समध्ये राजाचे पाच दोष आहेत. दयेला रकाना नाही.

आणि नशीब बघा, तिठ्यावर इडिपसच्या हातून जुना राजा, त्याचा बाप, मारला गेला तेव्हा जिवंत निसटलेला एकटा माणूसही हाच. परत येऊन बघतो तर मारणाराच गादीवर! राणीचा हात धरून यानं विनवलं, मला लांब रानात पाठव, हे गाव दिसणार नाही इतक्या लांब. ते वाक्य मी तीनदा वाचलं.

शेवटी त्या खुनाचा शोध घेताना इडिपसची माणसं त्याला धरून आणतात. बोलत नाही म्हणून हात मागे पिरगाळायला लावतात. कॉरिंथचा जुना सोबती मात्र खुशीत आठवणी काढतोय, अरे, ते पोर तू मला दिलंस की! तो बिचारा आनंदाची बातमी घेऊन आला होता. मला त्याचा इतका राग आला, की पुस्तकातच “गप बस” म्हणून लिहिलं. पेन्सिलनं.

पुढचं कुणी रंगमंचावर करून दाखवत नाही. राणीनं गळफास घेतला, राजानं तिच्याच वस्त्राच्या पिना डोळ्यांत खुपसल्या, हे सगळं एक सेवक बाहेर येऊन सांगतो. आधी मला ही पळवाट वाटली होती. मग ८ ऑगस्ट २०२४ची रात्र आठवली. इथलं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. फोनवर व्हिडिओ येत होते. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या थिएटरात आजीनं किती नाटकं बघितली असतील, पण तिनं फोन हातानं बाजूला सारला. “दावू नगंस,” म्हणाली. “नुसतं सांग.” मी सांगत गेले, छप्पर गेलं, स्टेज गेलं. ती भिंतीकडे बघत ऐकत होती.

पिनांचं ऐकताना आजीचा हात थांबला. बोटं तिखटाची, म्हणून तिनं खांद्यानंच डोळा पुसला. तिखट उडालं असेल, नसेलही.

“मग त्या धनगराचं काय झालं?”

मी पुस्तक पुन्हा उघडलं. शेवटचं उत्तर दिल्यावर त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. कुठं गेला, कुणी अडवलं का, काही नाही. राजाचं रडणं सुरू होतं आणि हा गेलेला असतो.

“लिवलं न्हाई,” मी म्हटलं.

“बघ नीट.” तिनं पुढची मिरची उचलली. “मेंढरं कुणाच्या भरोशावर सोडून आल्तं म्हातारं?”