तिचं टीव्हीवरचं पहिलं फुटबॉल

आज भाची सरावाहून आली, मोज्यांना लाल चिखल, आणि तशीच माझ्या शेजारी येऊन बसली. मोबाइलवर इंडियन विमेन्स लीगचा, म्हणजे बायकांच्या देशपातळीवरच्या फुटबॉल लीगचा, जुना सामना लावला होता, तो टीव्हीला जोडला.

कोल्हापुरात वाढलेली पोर, तालमींच्या संघांचे फुटबॉल सामने लहानपणापासून बघतेय. पण बायकांचा सामना टीव्हीवर पहिल्यांदाच! पाच मिनिटं गप्प. मग म्हणाली, "मावशी, ह्यांना खेळायचे पैसे मिळतात?"

मिळतात गं, म्हटलं. सगळं सांगत बसले: लीग 2017 ला सुरू झाली, गोकुलम केरळनं तीनदा जिंकली, 2024-25 ला ईस्ट बंगालनं. आधी सगळे संघ एकाच ठिकाणी जमून खेळायचे. घरच्या मैदानावर आणि बाहेर असे सामने 2023-24 ला सुरू झाले. आपल्या कोल्हापूर सिटीच्या पोरीही ह्या लीगमध्ये खेळल्यात, हे कळल्यावर ती उठून उभीच राहिली.

मला मनापासून वाटतं, शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्याला उसळते तेवढी गर्दी पोरींच्या सामन्यालाही व्हावी. मी तर पहिल्या रांगेत असेन.

जेवतानाही तिचं एकच, "त्या लेफ्ट बॅकनं पास कसा दिला बघितलास?" सकाळी साडेपाचला उठवायला सांगितलंय.