‘येतो’ सोडून ‘या’ म्हणणारं लेकरू

उन्हाळी सुट्ट्या लागल्या की लातूर-नांदेड-परभणीकडून आमच्यासारख्या जपानात राहणाऱ्यांकडे एक तक्रार हमखास येते. "तुमच्या त्या शिनचॅननं लेकरू पार वाया घालवलं. आईला उलटं बोलायलंय, पाहुण्यांसमोर ढुंगण हलवून नाचायलंय." तक्रारीत तथ्य आहे. पण दोष जिथं शोधला जातो तिथं तो नाही. शिनचॅन ह्या पाच वर्षांच्या पोराची मूळ जपानी कार्टून मालिका कान देऊन ऐकली की हे कळतं, म्हणून आज लांबलं तरी ह्या एकाच विषयावर लिहितो.

जपानी घरात उंबऱ्याशी बोलायची चार वाक्यं ठरलेली आहेत. बाहेर पडणारा म्हणतो ‘इत्तेकिमास’, म्हणजे जाऊन येतो. घरातलं माणूस म्हणतं ‘इत्तेराश्शाई’, जाऊन ये. परत आलेला म्हणतो ‘ताडाइमा’, आलो. घरातून उत्तर येतं ‘ओकाएरी’, आलास का. बालवाडीतलं लेकरूसुद्धा ह्यात चुकत नाही. शिनचॅन मात्र बाहेरून येतो आणि स्वतःच ‘ओकाएरी’ म्हणतो. लगेच आतून आईचा आवाज येतो, "ताडाइमा म्हणायचं!" ही ह्या मालिकेतली जुनी, पुन्हा पुन्हा येणारी गंमत. ती दोन पायांवर उभी आहे: एक पाय चूक, दुसरा पाय दुरुस्ती. बघणाऱ्या मुलाला बरोबर काय ते आधीच ठाऊक असतं. ‘ह्याला एवढंही येत नाही’ ह्या मोठेपणात ते हसतं.

आपल्याकडे मालिका पोचते ती हिंदी डबिंगमधून. आता हे हिंदीत आणायचं झालं तर? आल्या-गेल्याची अशी ठरलेली जोडवाक्यं हिंदीत नाहीत. जपानी कार्टूनमध्ये तोंडाची साधारण तीनच चित्रं असतात, मिटलेलं, अर्धवट आणि उघडं. त्यामुळे डबिंगवाल्याला ओठ जुळवायची फारशी काळजी नसते, वाक्याची लांबी जुळली की झालं. पण तेवढ्या सेकंदा-दीड सेकंदात हसवणारं काहीतरी भरावंच लागतं, आणि हाताशी सगळ्यात सोपं असतं ते आईला दिलेलं उलट उत्तर. भाषेच्या चुकीचा विनोद असा आगाऊपणाचा विनोद होऊन बसतो. आईची दुरुस्ती निरर्थक होते, मग तिथं नुसतं ओरडणं उरतं. आपलं लेकरू त्यातून उचलतं ते उलट उत्तर, कारण त्या दृश्यात उचलण्यासारखं दुसरं काही राहिलेलंच नसतं.

आणि गंमत बघा, हा विनोद मराठीत जसाच्या तसा बसतो. आपल्याकडे निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. म्हातारी माणसं तर ‘जातो’ ऐकलं की तिथंच टोकतात. घरातलं माणूस ‘ये’ किंवा ‘या’ म्हणतं. म्हणजे दप्तर पाठीला लावून दारातून निघालेलं पोरगं आईलाच "या बरं का, नीट या" म्हणालं, आणि आई मागून "येतो म्हणावं, बाबा!" म्हणाली, की झाला विनोद. अर्धापूरच्या चार वर्षांच्या मुलालाही तो समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरी हरवलेली गोष्ट बोलीची. शिनचॅन स्वतःला ‘ओरा’ म्हणतो. शहरी जपानी मुलगा ‘बोकू’ म्हणेल, ‘ओरा’ हे खेड्याकडचं ‘मी’. त्याचे वडील उत्तरेकडच्या अकिताचे, आई पार दक्षिणेकडच्या कुमामोतोची, आणि घर तोक्योच्या जवळ, साइतामा प्रांतातल्या कासुकाबे गावात, ३२ वर्षांच्या कर्जाचं. आपल्या हिशेबात सांगायचं तर नवरा उदगीरचा, बायको सिल्लोडची आणि फ्लॅट चाकणला हप्त्यावर. ह्या कुटुंबाला मराठवाड्यातल्या किती घरांनी ओळखलं असतं! हिंदीत आल्यावर ते कुठलंच राहत नाही, सगळी पात्रं एकाच स्टुडिओतली हिंदी बोलतात. ‘करायलंय’, ‘जायलास’ म्हणणाऱ्या मुलांना टीव्हीवर आपली बोली ऐकू येते ती बहुतेकदा गावंढळ पात्राच्या तोंडून, हसण्यासाठी. ‘ओरा’ म्हणणारा शिनचॅन मात्र मालिकेचा नायक आहे, आणि कासुकाबे गावानं त्याला बालसंगोपनाच्या कामासाठी आपलं बोधचित्र म्हणून मानानं मिरवलंय.

इतकं कौतुक केल्यावर हेही सांगायला हवं की ही मालिका मुळात लहान मुलांची नाहीच. १९९० मध्ये ती प्रौढांच्या एका साप्ताहिकात चित्रकथा म्हणून सुरू झाली आणि १९९२ च्या एप्रिलमध्ये टीव्हीवर आली. म्हणून तिच्यात बायकोच्या वयावरचे टोमणे आहेत, नवऱ्याच्या पगारावरचे आहेत, आणि पाच वर्षांचा मुलगा अनोळखी तरुण बायकांच्या मागे लागतो तो प्रकार आहे. मोठ्याला ह्यात एका कंटाळलेल्या पुरुषाची नक्कल दिसते. पाच वर्षांच्या मुलाला नक्कल दिसत नाही, ‘असं केलं की सगळे हसतात’ एवढंच दिसतं. साधारण सहा वर्षांच्या आत मुलांना टोमणा टोमणा म्हणून कळत नाही, ती तो शब्दशः घेतात. माझ्या मते आक्षेप घ्यायची खरी जागा ही आहे, आणि आठ वर्षांच्या आतल्या मुलानं तो भाग एकट्यानं बघू नये.

आपल्याकडे २००८ मध्ये सरकारनं मालिका बंद केली, २००९ मध्ये ती काटछाट करून परत आली. कात्री प्रामुख्यानं लागली ती डोळ्यांना खटकणाऱ्या गोष्टींवर, उघड्या ढुंगणावर. कानावर पडणारे टोमणे आणि बायकांमागे लागणं ह्यांच्याकडे तितकं लक्ष गेलं नाही. नेमकं उलट व्हायला हवं होतं.

कारण ढुंगण, पाद, शेंबूड ह्यांनी कुठलंही लेकरू बिघडत नाही. इथल्या ‘एनएचके’ ह्या सार्वजनिक वाहिनीच्या शैक्षणिक विभागावर २०१८ पासून एका गुप्तहेराची मालिका लागते. त्याचं डोकं हुबेहूब ढुंगणाच्या आकाराचं, आणि भाषा मात्र इतकी आदबशीर की मोठ्यांनी शिकावी. गुन्हेगाराला पकडताना तो शेवटचा उपाय म्हणून पादतो, पण त्याआधी रीतसर परवानगीच्या सुरात माफी मागतो. मुलं लोळून हसतात आणि आदरार्थी क्रियापदं फुकटात शिकतात. २०१७ मध्ये तर इथं चित्रलिपीच्या सरावाच्या अशा वह्या निघाल्या की त्यातल्या प्रत्येक वाक्यात ‘उनको’, म्हणजे शी, हा शब्द आहे. प्राथमिक शाळेची तेव्हाची १००६ अक्षरं, प्रत्येकाला तीन वाक्यं, एकूण ३०१८. लाखांनी खपल्या. सहा-सात वर्षांच्या मुलाला एकच अक्षर वीसदा गिरवायचा जो कंटाळा येतो, त्यावर हा उपाय चालला. कुणाचाही अपमान न करता हसवणारा विषय मुलांच्या जगात एवढाच आहे, शरीर सगळ्यांचं सारखंच.

जपानमध्ये सगळं सोवळं आहे असं मुळीच नाही. विनोदी कार्यक्रमांत कलाकाराला उकळत्या पाण्याच्या नावाखाली टबात ढकलायचं, चिमटे लावायचे आणि बाकीच्यांनी खदखदून हसायचं, ही इथली जुनी रीत. त्यावर २०२२ च्या एप्रिलमध्ये प्रक्षेपणाच्या नीतिमत्तेवर लक्ष ठेवणाऱ्या ‘बीपीओ’ ह्या संस्थेच्या बाल-किशोर समितीनं आपलं मत जाहीर केलं. ही संस्था २००३ मध्ये सार्वजनिक आणि खासगी वाहिन्यांनी मिळून उभी केली, सरकारनं नाही. समितीनं बंदी घातली नाही. तिचं म्हणणं इतकंच की कोणी वेदनेनं कळवळतोय आणि भोवतालचे त्याला हसतायत हे वारंवार बघणाऱ्या लहान मुलांमध्ये दुसऱ्याचं दुःख ओळखायची कुवत वाढायला अडथळा येऊ शकतो. मोठ्यांना ते ठरवून केलेलं नाटक आहे हे कळतं, मुलांना ते खरंच वाटतं. ढुंगणावर नव्हे, वेदनेवरच्या हसण्यावर बोट ठेवलं. ह्याला मी मानतो.

खासगी वाहिन्यांचा आपसातला आणखी एक नियम असा की संध्याकाळी ५ ते रात्री ९ ह्या वेळात मुलं बघतायत असं धरून चालायचं. आणि प्रकाशाच्या बाबतीत तर नियम अगदी मोजून केलेले. १६ डिसेंबर १९९७ ला एका कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश सेकंदाला साधारण १२ वेळा लुकलुकला आणि सहाशेहून जास्त जणांना, त्यात बहुतेक मुलं, दवाखान्यात न्यावं लागलं. पुढच्या एप्रिलमध्ये नियमावली आली: लुकलुक सेकंदाला तीन वेळांपेक्षा जास्त नको, लाल रंगाला विशेष जपायचं. कार्टून सुरू होताना ‘खोली उजेडाची ठेवा, लांबून बघा’ अशी ओळ येते, ती तेव्हापासूनची. विनोदाला असा सेकंदाचा हिशेब लावता येत नाही, म्हणून तिथं माणसंच बसवावी लागतात.

आपला नियमही कागदावर वाईट नाही. १९९४ च्या केबल नियमांत मुलांच्या कार्यक्रमात वाईट भाषा नको हे लिहिलेलं आहे. २०२१ पासून ऑनलाइन मालिकांना ७, १३ आणि १६ वर्षांच्या वयोमर्यादा आल्या, १३ आणि त्यापुढच्या वर्गाला कुलूप लावायची सोय देणंही बंधनकारक झालं. पण फुकट दिसणाऱ्या तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांना हे काही लागू पडत नाही, आणि आपली लेकरं आता जास्त बघतात ते तेच.

कोणी असं मात्र म्हणू नये की आपली परंपरा सोज्वळ आणि हे परदेशी वाह्यात. पैठणच्या नाथांच्या भारुडातली सून भवानीला रोडगा कबूल करून सासरा, सासू, जाऊ, नणंदेचं पोर सगळ्यांचं वाटोळं मागते. रात्र रात्र जागून मांडीवरच्या लेकरांसकट माणसांनी हे ऐकलं आणि पोट धरून हसली. ह्याहून तिखट काय असतं? पण शेवटच्या कडव्यात नाथ स्वतःचं नाव घालतात, आणि भारुड करणारा थांबून त्यामागचा अर्थ फोडून सांगतो. चुकीला दुरुस्तीची जोड तिथंही आहे. इथल्या मराठी आई-बापांनी मुलांना शिनचॅन बघू दिला म्हणून ते बेफिकीर ठरत नाहीत, ते त्याच जुन्या पद्धतीनं, शेजारी बसून बघतात. इथं मालिका आठवड्यातून एकदा लागते. कित्येक वर्षं शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला होती, २०१९ पासून शनिवारी दुपारी साडेचारला. आपल्याकडे तीच दिवसभर वळणावळणानं चालू, आई शेतात किंवा स्वयंपाकात, आणि लेकरू एकटं. हा फरक संस्काराचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

घरी तपासायचं असेल तर एक करा. भाग साधारण सात-सात मिनिटांच्या गोष्टींचा असतो. एक गोष्ट लेकरासोबत बघा आणि ते कुठं हसलं ते बोटावर मोजा. प्रत्येक हसण्याला एकच प्रश्न: कोणावर हसलं? शरीरावर किंवा शब्दाच्या गफलतीवर असेल तर सोडून द्या. पडलेल्या, रडणाऱ्या, जाड्या-काळ्या म्हणून चिडवलेल्या पात्रावर असेल तर तिथंच थांबवून विचारा, "त्याला कसं वाटलं असंल?" व्याख्यान देऊ नका, एवढं एक वाक्य बस्स. निम्म्याहून जास्त हसणी दुसऱ्या प्रकारची निघाली तर मालिका बदला. मोबाइलवर आपोआप पुढचा तुकडा लागण्याची सोय आधी बंद करा. हे तुकडे हशा पिकला की कापलेले असतात, आईची दुरुस्ती त्यांत कधीच येत नाही. आणि ढुंगण हलवून नाचणाऱ्याला मारू नका, हसूही नका. पाहुण्यांकडून दोन-तीनदा दाद मिळाली नाही की तो नाच आपोआप बंद पडतो. दाद देणारे बहुतेक वेळा आपणच असतो.

मराठी डबिंगची संहिता कोणी लिहीत असेल तर त्यांना एवढंच सांगणं: घरातलं जाणं-येणं ‘येतो-या’वर बांधा, लेकराला आईशी ‘अगं’नं बोलू द्या पण तुच्छतेनं नको, वडिलांना गावाकडून आलेला फोन मराठवाडी बोलीतच असू द्या. आणि पोरगं चुकल्यावर आईच्या "येतो म्हणावं!"साठी ते दीड सेकंद मोकळे सोडा, त्यावर दुसरा विनोद चढवू नका.