सँड माउंटनची वाळू आणि ओसुलिव्हनची गाडी

अमेरिकेच्या सहलीत रीनो, लेक ताहो सगळं छान झालं, पण त्यावर भरपूर लिहून झालंय. मला नेवाडा राज्यातल्या सँड माउंटनबद्दलच सांगायचंय. हायवे 50 वर, फॅलनच्या पूर्वेला साधारण 40 किलोमीटरवर ही वाळूची प्रचंड टेकडी आहे. सुट्टीच्या दिवशी तिच्यावर वाळूतल्या गाड्यांचा इतका गोंगाट असतो की पायी चढणाऱ्याला जीव मुठीत धरूनच चालावं लागतं.

फोटोग्राफर टिमथी ओसुलिव्हनने 1867 साली, भूगर्भशास्त्रज्ञ क्लॅरेन्स किंगच्या अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या सर्वेक्षणासाठी, सँड स्प्रिंग्जजवळच्या या वाळूत तो प्रसिद्ध फोटो काढला: खेचरं जुंपलेली गाडी आणि तिच्यापासून कॅमेऱ्याकडे आलेली पावलं. एकाकीपणाचं चित्र म्हणून त्याचं कौतुक होतं, ते मला पुरेसं वाटत नाही. ती गाडी म्हणजे त्याची डार्करूम होती, आणि ती लांब ठेवणं परवडणारच नव्हतं.

तेव्हा फोटो ओल्या काचेवर घेत. काचेच्या एका कोपऱ्यावर कलोडियन (ईथर आणि अल्कोहोलमधलं चिकट द्रावण) ओतायचं, काच तिरकी करत चारही कोपऱ्यांना पोचवायचं, उरलेलं बाटलीत परत घ्यायचं. थर चिकट झाला की अंधारात तीन-चार मिनिटं सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचा. मग काच होल्डरमध्ये घालून कॅमेऱ्याकडे न्यायची, काही सेकंद प्रकाश द्यायचा आणि थर ओला असतानाच गाडीत परत आणून त्यावर आयर्न सल्फेटचं डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण) एका झटक्यात, न थांबता पसरवायचं. मध्येच हात थांबला तर तिथे रेघ उमटते, ती कायमची.

थंड हवेत या सगळ्याला दहाएक मिनिटं मिळतात. वाळवंटात तेवढी मिळत नाहीत. ईथर 35 अंशांच्या आतच उकळतं, त्यामुळे कलोडियन कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच आळतं आणि थराला लाटा पडतात. म्हणून उन्हाळ्यात ईथर कमी, अल्कोहोल जास्त घालत. काचेमागे ओला टिपकागद ठेवला तर कडा जरा उशिरा वाळतात. वाळलेल्या कडेवर सिल्व्हर नायट्रेटचे स्फटिक धरतात आणि डेव्हलप करताना तिथे डाग उठतात. वाळूचा एक कण थरात बसला की त्याच्यामागे शेपटीसारखा ओरखडा. हे माहीत असेल तर ती पावलं पाहताना माणसाची घाई दिसते.

आकाश कोरं आहे, त्याचंही कारण हेच रसायन. कलोडियनला निळा प्रकाश फार लवकर लागतो, त्यामुळे वाळूचा तपशील येईपर्यंत आकाश जळून पांढरं होतं.

पायथ्याशी पोनी एक्सप्रेस या घोडेस्वारांच्या टपालसेवेच्या ठाण्याच्या दगडी भिंती आहेत. ठाणं 1860 चं, झऱ्याच्या आधाराने उभं राहिलेलं. पण अशा खाऱ्या भागातलं पाणी फोटोला धोक्याचं: त्यातल्या क्लोराइडमुळे चांदीचा पांढरा साका बसतो. सिल्व्हर बाथ, म्हणजे सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण, तर शुद्ध पाण्यातच बनवावा लागतो. त्यामुळे काचा, बाटल्या यांच्याबरोबर चांगलं पाणीही गाडीतूनच वाहून न्यावं लागे, आणि धुण्यासाठी ते प्रत्येक काचेमागे खर्ची पडे.