पांढऱ्या नळ्या

लॉरिक अ‍ॅसिड घातलेल्या सगळ्या नळ्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. जिवाणू वाढले की नळी गढूळ होते, वाढले नाहीत तर नितळ राहते, एवढंच मला शिकवलेलं. म्हणजे एमडीएसच्या, दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षातले माझे चार महिने पाण्यात.

विषय माझाच हट्टाचा होता. गुहागरची आजी रोज सकाळी खोबरेलाची चूळ धरते आणि ऐंशीव्या वर्षी स्वतःच्या दातांनी चणे फोडते. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक अ‍ॅसिड असतं, ते जिवाणू मारतं हे पुस्तकात होतंच. मारून दाखवायचा होता तो पॉर्फिरोमोनस जिंजिवॅलिस, म्हणजे पायोरियाच्या खोल पॉकेटमध्ये, हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत, हमखास सापडणारा, हवेचं वावडं असलेला प्राणी. त्याला हेमिन, म्हणजे रक्तातला लोहाचा घटक, लागतं, व्हिटॅमिन के लागतं, आणि ऑक्सिजनची झुळूक लागली की रुसतो. सासरच्या माणसांचे इतके लाड कुणी केले नसतील.

आधी औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या जिवाणू पसरलेल्या आगारवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, ठेवून प्रयोग केला होता; जिवाणू वाढत नाहीत तिथे चकतीभोवती नितळ गोल उमटतो. क्लोरहेक्सिडिन या नेहमीच्या जंतुनाशकाभोवती ठसठशीत गोल, लॉरिकभोवती जेमतेम रेघ. गाइड मॅडम म्हणाल्या, "अगं, लॉरिक हे मेदाम्ल, ते पाणीदार आगारमध्ये पसरणारच नाही, मग मारेल कुणाला?" म्हणून नळ्यांकडे वळले, तर हे.

प्रयोगशाळेतले मामा ऑटोक्लेव्हची, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राची, टोपली घेऊन आले. मी नळ्या त्यात ठेवणार, तेवढ्यात मॅडम दारातून म्हणाल्या, "जिवाणू न घातलेली नळी बघितलीस?"

बघितली. तीही पांढरीच.

लॉरिक वितळतं साधारण 44 अंशांना. मी ते अल्कोहोलात विरघळवून 37 अंशांच्या पाणीदार ब्रॉथमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या द्रवात, ओतलं होतं; तिथे ते साका धरून बसणारच. गढूळपणा जिवाणूंचा नव्हता, माझ्या औषधाचाच होता! जिवाणू जिवंत उरलेत का ते बघायला प्रत्येक नळीतला थेंब ब्लड आगारवर, म्हणजे रक्त घातलेल्या आगारवर, पसरला, प्लेटा हवाबंद जारमध्ये घातल्या आणि सात दिवस मोजत बसले.

जार उघडला तेव्हा मामा नाकाला रुमाल लावून बाहेर गेले. सडक्या लोण्याचा वास. गंमत म्हणजे तोही मेदाम्लाचाच: जिंजिवॅलिस स्वतः ब्युटिरिक अ‍ॅसिड सोडतो.

लॉरिक न घालता नुसतं अल्कोहोल घातलेल्या नळीची प्लेट काजळासारखी काळी. याच्या वसाहती रक्तातलं हेमिन साठवून काळ्या पडतात. लॉरिकच्या जास्त मात्रेच्या प्लेटा कोऱ्या, लाल. मी त्या खिडकीशी नेऊन तिरप्या धरून पाहिल्या, एक ठिपका नाही. मेदाम्ल जिवाणूच्या पटलात शिरतं, साबणासारखं ते विस्कटतं, आतलं सगळं बाहेर गळतं. मात्रा उतरत गेली तसे काळे ठिपके परतत गेले.

मग खोबरेलाची प्लेट. काळीकुट्ट, अल्कोहोलच्या प्लेटेची जुळी बहीण.

तेलातलं लॉरिक मोकळं नसतं. तीन-तीन मेदाम्लं एका ग्लिसरॉलला बांधलेली असतात. ती सुटल्याशिवाय त्यांचा मारा सुरू होत नाही. तोंडात लाळेतलं, जिवाणूंचं लायपेज, म्हणजे मेद तोडणारं विकर, थोडीफार सोडवत असेल, पण माझ्या नळीत सोडवणारं कुणी नव्हतं. मी आनंदाने नाचायच्या बेतात होते, तर मॅडमनी दुसरा खिळा ठोकला: पॉकेटमधला स्राव रक्तद्रवासारखा, त्यात भरपूर अल्ब्युमिन हे प्रथिन, आणि अल्ब्युमिनचं तर कामच मेदाम्लं धरून ठेवणं. शिवाय तिथे जिवाणू सुटे नसतात, चिकट थरात एकमेकांना बिलगून असतात. "थिसिसमध्ये 'नळीत' हा शब्द प्रत्येक पानावर हवा," त्या म्हणाल्या. मी तो खरोखरच मोजून घातला.

रात्री आजीला फोन केला. "आजी, तुझ्या तेलाने काही मेलं नाही गं."

"अगो, मग माझे दात काय तुझ्या कॉलेजाने ठेवले?"

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. दिवाळीत गेले तेव्हा पर्समध्ये प्रोब, म्हणजे पॉकेटची खोली मोजायची बारीक सळई, टाकून नेला. ओटीवर उन्हात बसवून तिची हिरडी तपासली. पुढचे दात छान, खोली सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे निरोगी. उजव्या खालच्या दाढेमागे प्रोब सहापर्यंत गेला आणि रक्त आलं.

"चूळ तिकडे पोचत नसेल," आजी म्हणाली, आणि तोंड मिटून घेतलं.